आईच्या मापाची होडी

आईचं वजन आम्ही गडबच्या भातगिरणीत करून घेतलं. दवाखान्यातल्या काट्यावर चढायला ती तयार नव्हती. "तो काटा मानसाला आजारी ठरवायला ठेवलेला असतो," असं तिचं मत. गिरणीतल्या काट्यावर मात्र गोणी चढवावी तशी सरळ चढली, आणि तीही सगळ्या सामानासकट. कमरेला कोयती, खांद्याला पाण्याची बाटली, डोक्यावर टोपली आणि टोपलीत चिंबोऱ्यांचे फग. फग म्हणजे लोखंडी कडीला विणलेलं जाळं. मध्ये माशाचं डोकं बांधायचं, दोरीने पाण्यात सोडायचं आणि चिंबोरी खायला बसली की अलगद वर ओढायचं. खाडीत एवढं घेऊन जायचं तर वजनही एवढ्याचंच व्हायला पाहिजे, असा तिचा हिशेब.

गिरणीवाले हैबतराव चष्मा कपाळावर सरकवून आकड्याकडे बघत राहिले. "वनितावैनी, दोन गोनी भरल्या, आनि वर थोडा हातचा."

"कोंड्यासकट का कोंडा पाखडून?" आईने विचारलं.

गिरणीतले सगळे हसले. आकडा होता एकशे अठरा. त्यातले दहा-बारा किलो सामानाचे धरले तरी उरलेली सगळी आईच. मी माझ्या लेकीला, किमयाला, कडेवर घेऊन तिथेच उभी राहिले आणि कोलाडच्या होडीवाल्या सुभाषभाऊंना फोन करून आकडा सांगितला.

"लुगडं ओलं का कोरडं?" त्यांनी विचारलं.

"कोरडं."

"मग अजून तीन-चार किलो धरा."

आईच्या वजनाबद्दल इतकं सरळ बोलणारा माणूस मला त्या महिन्याभरात पहिल्यांदा भेटला होता.

आमचं घर गडबला, खाडीच्या अंगाला. बाबा होते तेव्हा दोघं होडीने जायची. बाबा मागे उभं राहून बांबू मारायचे आणि आई पुढे बसून फग सोडायची. बाबा गेल्यावर आई मागच्या टोकाला बसायला लागली आणि पुढे एक मोठा दगड ठेवायला लागली, म्हणजे होडीचं नाक वर उचलत नाही. असं तिने ती होडी लाकूड कुजून हातात येईपर्यंत चालवली. नंतर शेजारच्या काळुरामकाकांच्या होडीत बसायची. त्यांची होडी अरुंद. एकदा आई फग ओढायला एका बाजूला वाकली आणि काकांची अर्धी मासळी परत खाडीत गेली. संध्याकाळी बांधावर, चारचौघांत, काका म्हणाले, "वनिते, तुज्यासाठी आता धरमतरच्या बंदरावरून बार्जच आनायला पायजे."

आईही हसली. सगळ्यांच्या आधी हसली. पण त्या दिवसापासून काकांच्या होडीकडे गेली नाही. ओहोटीला पायीच चिखलातून जायला लागली. मांडीपर्यंतच्या चिखलात, त्या वजनाने, त्या गुडघ्यांनी. मागच्या महिन्यात तिचा उजवा पाय रुतला तो निघेचना. भरती लागली. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा मिठागरावरच्या माणसांनी हाका ऐकल्या आणि फळ्या टाकत येऊन तिला ओढून काढलं.

त्या रात्री कृष्णादादाने, माझ्या भावाने, मला फोन करून बोलावलं. मी सासरहून, अष्टमी गावाहून, सकाळच्या गाडीने गेले. दादा जेवताना म्हणाला, "आये, बास झाली आता खाडी."

"मंग काय करू? भिंतीकडं बघू?"

"किमयाला बघ."

"किमयाला आय हाय तिची."

"तू काल मेली असतीस."

आईने भाताचा घास तसाच हातात धरला. मग म्हणाली, "माजे अंगाजोगी होडी मिलाली तर जाईन. नाय मिलाली तर पुन्ना खाडीचं नाव काढनार नाय."

"शब्द?"

"शब्द."

दादा पुन्हा जेवायला लागला, कारण आई शब्द फिरवत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. खाडीशिवाय आई कशी दिसेल, ते मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. किमया झाली तेव्हा पहिला महिना आईने तिला पाय पसरून पायांवर न्हाऊ घातलं होतं. एवढंसं बाळ त्या रुंद पायांच्या खाचेत इतकं बिनधास्त पडून असायचं की माझी भीतीच गेली. त्या पायांना घरात बसवून ठेवायचं म्हणजे काय, हे दादाला सांगता आलं नाही मला. आणि तो चुकीचं बोलत होता असंही नाही.

कयाकची कल्पना माझी. कोलाडला कुंडलिका नदीवर पर्यटकांना प्लास्टिकच्या होड्या देतात, त्यांना कयाक म्हणतात. विशालच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कंपनीची सहल तिथल्या एका कॅम्पवर गेली होती. तिथले सुभाषभाऊ जुन्या कयाक विकून नव्या आणणार आहेत असं त्याने ऐकलं होतं. शिमग्याच्या आधीच्या रविवारी दादा आईला टेम्पोत घालून आला. विशालची शिफ्ट होती. मी अष्टमीच्या पुलापाशी किमयाला घेऊन चढले. आई पुढे बसली होती, नेहमीच्या जांभळ्या लुगड्यात, मांडीवर फगांची टोपली.

"टोपली कशाला?" मी विचारलं.

"रिकामी होडी काय बगायची? रिकामी सगल्याच चांगल्या."

सुभाषभाऊंनी तीन कयाक पाण्याकाठी काढून ठेवल्या होत्या. नदी तिथे संथ आहे, काठाला उथळ आणि मग एकदम खोल. त्यांनी आधी जॅकेट आणलं, पाण्यात तरंगवणारं. ते आईच्या छातीवर बसेना. दुसरं आणलं, तेही नाही. तिसरं आत जाऊन शोधून आणलं, "परदेशी पाहुण्यांसाठी ठेवलेलं असतं हो मावशी." पट्टे शेवटपर्यंत सैल केल्यावर ते बसलं.

"पाठीला एक पाट आनि पोटाला एक पाट बांधल्यागत वाटतंय," आई म्हणाली.

"श्वास घेता येतोय ना?"

"श्वास येतोय. लाज जातेय."

पहिली कयाक लांब आणि निमुळती होती, बसायला मध्ये नुसतं भोक. आईने तिच्याभोवती एक चक्कर मारली. "ह्याच्यात माजा एक पाय जाईल. दुसरा किसना घेईल का हातात?" ती बाजूला ठेवली.

उरल्या दोन. हिरवी खूप रुंद होती, कडा उंच आणि वर खुर्चीसारखी उंच बैठक. निळी तिच्यापेक्षा चार बोटं अरुंद, कडा बुटक्या, उन्हाने रंग उडालेला. दोन्हींवर वरतीच बसायचं, आत शिरायचं नाही. आईने निळीच्या तळाकडे बघितलं आणि सुभाषभाऊंकडे वळली.

"भोकं हायेत हिला."

"ती मुद्दाम ठेवलेली आहेत, मावशी."

"फुटकी होडी मुद्दाम इकतोस?"

सुभाषभाऊंनी कयाक आडवी करून वाजवून दाखवली. आतून पोकळ, सगळ्या बाजूंनी बंद. भोकं आरपार आहेत, वर आलेलं पाणी त्यातून खाली जातं. "माणूस फार जड झाला तर उलट खालून वर येतं. म्हणून तर वजन विचारलं. कंपनी लिहिते तेवढं वजन घालायचं नसतं. त्यातला तिसरा हिस्सा सोडून द्यायचा. हिरवीत तुम्ही सामानासकट आरामात बसता. निळीत जेमतेम, अगदी काठावर बसता."

"मंग हिरवीच बगू," दादा म्हणाला.

आई हिरवीवर बसायला गेली आणि तिथेच घोटाळा झाला. खुर्ची सोडून ती मागच्या टोकाला जाऊन बसली, होडीत बसतात तशी. समोर दगड नव्हता. कयाकचं नाक उभं राहिलं, शेपूट पाण्याखाली गेलं आणि आई गुडघाभर पाण्यात बसकण मारून बसली. टोपलीतले फग तिच्याभोवती पसरले.

काठावर कॅम्पला आलेली दोन-तीन पोरं फोन काढून उभी राहिली. दादाचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो खाली उतरला, आईला हात दिला आणि हळू आवाजात म्हणाला, "झालं ना? चल आता."

"हा हिशेबात धरायचा नाय," आई म्हणाली. "मी चुकीच्या जाग्यावर बसले."

"आये, शब्द दिलायस."

"होडी नाय मिलाली तर. होडी अजून पान्यात उतरली नाय. सुभाषभाव, मधी बसायचं का?"

"मध्येच. हिचं पोट मध्ये आहे."

"माजंपन," आई म्हणाली, आणि लुगडं पिळून खोचलं.

मध्ये बसल्यावर हिरवी पाटासारखी झाली. आईने डावीकडे झोक दिला, उजवीकडे दिला, ती हलली नाही. वल्हं दोन्ही बाजूंना पातं असलेलं होतं. थोडी गोल गोल फिरली, मग हाताला अंदाज आला. मग सुभाषभाऊंच्या सांगण्यावरून कयाकच्या कडेला बांधलेल्या दोरीला धरून चक्क उभी राहिली. माझ्या आईला मी पाण्यावर उभं राहिलेलं लहानपणी पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच. किमयाचा हात धरून मी तिला आजी दाखवली. दादाही निवळला. "ही बरी हाय," असं त्याच्या तोंडून निघालंच. माझ्या मनात सौदा झालेला होता. न हलणारी होडी, आणखी काय पाहिजे?

आईला मात्र फग सोडून बघायचा होता. ती खोल पाण्याकडे गेली. सुभाषभाऊ आपल्या लहान कयाकमधून बरोबर होते. फग सोडला, थोडी थांबली आणि ओढायला वाकली. दोरी तळाशी कशाला तरी अडकली. आई आणखी वाकली. कयाक तसूभर हलली नाही. मग आईने कडेवर कोपर टेकून जोर लावला, आणि इतका वेळ न हललेली ती हिरवी एका क्षणात, काहीही न सांगता, पूर्ण उलटली.

मला पुढचं आधी दिसलंच नाही. किमयाला इतकी घट्ट धरली की ती रडायला लागली. मग जॅकेटने आईचं डोकं वर आलं. तोंडातलं पाणी थुंकून ती पहिलं काय बोलली तर, "फग गेला!"

खरी पंचाईत त्यानंतर होती. हिरवी पालथी पडून तितकीच स्थिर राहिली, जितकी सुलटी होती. आईने ढकललं, सुभाषभाऊंनी ओढलं, दोघांनी मिळून एक बाजू उचलून पाहिली. खुर्ची खाली पाण्यात आणि तळ वर. शेवटी ती तशीच ओढत काठाला आणावी लागली आणि दादा उतरल्यावर तिघांनी मिळून सुलटी केली.

"ही उलटत नाही हो सहसा," सुभाषभाऊ ओशाळून म्हणाले. "मावशी फार वाकल्या."

"पन उलटली तर?"

"काठाला आणून सुलटी करायची."

आई धापा टाकत काठावर बसली होती. "आमच्याकडं काठ नाय, बाला. चिखल हाय. त्यातूनच मना ओढून काढली."

मी तिला कोरडा टॉवेल दिला, तिने तो न उलगडता मांडीवर ठेवला.

"निली काढ," ती म्हणाली.

निळी हलत होती. आई बसली तशी डगमगली, आणि बैठकीच्या भोकांतून पाणी वर आलं. आईचं बूड दोन बोटं पाण्यात.

"ओली झालीस ना?" दादा काठावरून ओरडला.

"खाडीत जाऊन कोरडी आलेली बाई बगितलीस कदी?"

खोल पाण्यात गेल्यावर आईने वल्हं सुभाषभाऊंकडे दिलं, आमच्याकडे एकदा बघितलं आणि मुद्दाम एका बाजूला अंग टाकून कयाक उलटी केली. मी डोळे मिटून घेतले नाहीत एवढंच.

सुभाषभाऊंनी पाण्यातल्या पाण्यात तिला शिकवलं. पलीकडच्या कडेची दोरी पालथ्या तळावरून अलीकडे ओढायची, अलीकडच्या कडेवर पाय किंवा गुडघा दाबायचा आणि दोरीला लोंबकळून मागे पडायचं. पहिल्यांदा दोरी हातातून सुटली. दुसऱ्यांदा आईने सगळं अंग मागे टाकलं आणि निळी गर्रकन सुलटी झाली. तिथे तिचं वजन कामाला आलं. सुभाषभाऊंना हात लावावा लागला नाही.

"आता पोटावर चढा. पाय मारा, पाय!"

आईने पाय मारले, छाती कडेवर टाकली. निळीची ती बाजू खाली झुकली, आणि झुकली म्हणूनच आई वर सरकली. इतकी सरकली की पलीकडून परत पाण्यात गेली. काठावरची पोरं फोन विसरून हसली. दादाही हसला. पुढच्या खेपेला ती पालथी वर राहिली, पाय दोन बाजूंना सोडून, वाळत घातलेल्या मासळीसारखी. थोडा वेळ तशीच पडून श्वास घेतला. मग वळली, बूड बैठकीत टाकलं आणि उठून बसली.

काठाला आल्यावर मी म्हणाले, "आई, हिरवीच घे. ही बसल्या बसल्या हलते."

"हलते तर कलतं ना, कुटवर वाकायचं. ती हिरवी बोललीच नाय. गपचूप टाकला मना."

"पण हिच्यातून तू दहादा पडशील."

"आनि दहादा चढीन. त्या हिरवीवरून एकदाच पडेन."

मी काठावरच्या बाईसारखा विचार करत होते. पडू नये एवढंच मला पाहिजे होतं.

दादा मात्र ऐकायला तयार नव्हता. "ही अंगाजोगी झाली का? भाव बोलतोय काठावर बसते. पंधरा फग घेतलेस तर बुडेल."

आईने सुभाषभाऊंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "पंधरा नाही जमणार. सात-आठ."

हे ऐकून मात्र आई पहिल्यांदा खचल्यासारखी दिसली. पंधरा फगांच्या चिंबोऱ्या बाजारात नेण्याजोग्या होतात, आठांच्या घरापुरत्या आणि शेजाऱ्यापुरत्या. पेणच्या बाजारात बसायची तिची जागा होती, तिथल्या बायका होत्या. ती बराच वेळ लुगड्याचा काठ पिळत राहिली.

"आठ तर आठ," ती म्हणाली. "दोन खेपा मारीन. आनि हे पाट बांधून जाईन. आनखी काय?"

"आनखी एक," दादा म्हणाला. "आता परत उलटून दाखव."

"आता? दमले मी."

"म्हनूनच. सकाली चढलीस, ताजी होतीस. खाडीत पडशील ती दमल्यावर पडशील."

आईने त्याला जी शिवी घातली ती मी लिहीत नाही. पण तिला ते पटलेलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ती पुन्हा गेली.

उलटी केली. सुलटी केली, दोन प्रयत्नांत. चढायला मात्र जमेना. उजव्या बाजूने छाती टाकली की उजवा गुडघा, तो चिखलात रुतलेला, वर येईचना. ती तीनदा वर आली आणि तीनदा घसरली. तिसऱ्यांदा कडेला धरून नुसती तरंगत राहिली. सुभाषभाऊ पुढे सरकले तर तिने हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्या बाजूला दादा उभा होता. त्याने चप्पल काढली होती, पँट दुमडली होती. मी त्याच्या दंडाला धरलं. तिला जमलं नसतं तर तो जिंकला असता, आणि मला कळत होतं की त्याला जिंकायचं नव्हतं.

आई कयाकला धरून हळूहळू पुढून फिरली आणि पलीकडच्या, डाव्या बाजूला गेली. तिकडून डावा पाय आधी वर टाकता येत होता. पाय मारल्याचा आवाज आला. कयाक आमच्याकडून वर उचलली गेली, क्षणभर आम्हाला तिचा नुसता निळा तळ दिसला, मग ती सपाट झाली आणि त्यावर जांभळं लुगडं आडवं पडलेलं दिसलं.

दादा पाण्यात उतरला तो थेट कमरेपर्यंत गेला आणि तिला कयाकसकट ओढून घेऊन आला. येताना दोघं काय बोलली मला ऐकू आलं नाही. काठाला आल्यावर त्याने सुभाषभाऊंना एवढंच विचारलं, "टेम्पोत आडवी घालायची का उभी?"

कयाक गडबला गेली. पुढे भांगाचे दिवस आले, म्हणजे पाण्याला जोर नसतो ते. आईने पहिल्यांदा खाडीत न्यायला तेच दिवस निवडले. मला जाता आलं नाही, किमयाला ताप होता. सकाळभर तिला मांडीवर घेऊन बसले, फोन उशाशी. दादाचा एक मेसेज आला, "गेली." त्यानंतर काही नाही. ओहोटी कधी लागते ते मला पाठ होतं, त्याच्याही पुढे वेळ गेला. किमया घाम येऊन झोपली. तिला खाली ठेवलं आणि फोन वाजला.

"पाच मिलाल्या," आई म्हणाली. "दोन मोठ्या. नातीला रस्सा पाठवते, ताप उतरंल."

"आई, ती दहा महिन्यांची आहे."

"मंग तू पी." मग जाता जाता सांगितलं, "उघाडीपाशी पडले एकदा. बांधाच्या दारातून पानी सुटलं होतं, वल्हं फिरला."

कशी पडलीस, कुणी बघितलं का, दादा कुठे होता, हे सगळं ओठांवर आलं होतं.

"कुठल्या बाजूने चढलीस?" मी विचारलं.

"डाव्या," ती म्हणाली. "पयल्या झटक्यात. आता ठेव फोन, ह्या चिंबोऱ्या टोपलीतून पलतान."